आठ किलोंची बॅग आणि तिसरा मजला

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. इमारत उभी राहिली तेव्हा वसईत तिसरा मजला म्हणजे उंची मानली जायची, आणि गच्चीवरून किल्ल्याच्या तटामागचा समुद्र दिसतो एवढ्यावर भाळून आम्ही घर घेतलं. समुद्र पुढे इतर इमारतींनी झाकून टाकला. जिना राहिला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या एका वाहिनीत जाळीची नळी बसवली. त्यानंतर मला जड काही उचलू द्यायचं नाही, असा ठराव कुणी न मांडता एकमतानं मंजूर झाला. दुधाची पिशवी वॉचमन काढून घेतो. दळणाचा डबा शेजारच्या बाई नेतात. एकदा मी स्वतःची छत्री घेऊन जिना चढत होतो, तर पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तीही मागितली.

मुलगा ठाण्याला तेविसाव्या मजल्यावर राहतो. त्याच्या संकुलाला एका ग्रीक देवाचं नाव आहे आणि फाटकावर प्लास्टरचे चार घोडे उधळलेले आहेत. देवाचा आणि घोड्यांचा काय संबंध, हे तिथल्या कुणाला सांगता येत नाही. पण लिफ्ट तीन आहेत. आम्ही वसईचं घर विकून त्याच्या शेजारच्या विंगमध्ये यावं, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाईक घर बघून गेलं होतं. आमच्या स्वयंपाकघराची लांबीरुंदी आमच्यादेखत मोजून गेलं होतं.

"बाबा, तुम्ही जिना चढता तेव्हा आई दाराशी उभी राहून तुमची पावलं ऐकते. माहितेय तुम्हाला?" त्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती.

"तुम्ही दोघं काय ते ठरवा," ती म्हणाली. "स्वयंपाक दोन्हीकडे मलाच करायचाय."

भांडणात मी नेहमी जरा मोठं बोलून जातो. तीस वर्षं एका निमसरकारी कार्यालयात साहेबांची उद्घाटनाची भाषणं लिहिली, त्याचा हा परिणाम असावा. मी म्हणालो, जिना काय घेऊन बसलास, मी वसईला पायी फेरी घालून दाखवतो. पाचूबंदरापासून किनाऱ्यानं अर्नाळा, तिथून विरार, शिरसाड, हायवेनं चिंचोटी, मग जूचंद्र, नायगाव आणि परत घर. चार दिवस. बॅग माझ्या पाठीवर. एकदा जरी वाहनात बसलो, किंवा बॅग दुसऱ्यानं वाहिली, तर गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन करीन.

मुलगा हसला नाही, हे मला लागलं. त्यानं डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरांनी मला चालत्या पट्ट्यावर पळवलं, कागदावरच्या रेघा पाहिल्या आणि म्हणाले, "चाला. छातीत काही वाटलं तर तिथल्या तिथे थांबायचं. हिरोगिरी नको." पंच म्हणून बायकोची नेमणूक झाली. तिनं ती निर्विकारपणे स्वीकारली.

मग सामान. समारंभाच्या थाटाची मी आयुष्यभर टिंगल केली, आणि चालायला निघताना स्वतः नवरदेवासारखा सजलो. महिनाभर व्हिडिओ बघितले. त्यांतले सगळे लोक बर्फात चालत होते, मला मात्र आगाशीहून विरारला जायचं होतं. तरी मी घडीची काठी घेतली. कपाळावर बांधायचा दिवा घेतला. दोन्ही गुडघ्यांना पट्टे, कानांवरून लोंबणारी टोपी, शिट्टी, आणि सगळ्यावर कळस म्हणजे पाण्याची रबरी पिशवी. ती बॅगेत ठेवायची आणि तिची नळी खांद्यावरून तोंडाशी आणायची, म्हणजे न थांबता पाणी पिता येतं. बॅगेला सतरा पट्टे होते. दुकानातल्या मुलीनं ते कसे आवळायचे हे दाखवलं. "जितकी टाइट, तितकी हलकी वाटते, अंकल," ती म्हणाली. घरी तराजूवर बॅग आठ किलो भरली.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मला हिरवा झेंडा दाखवायचा होता. मी अर्धा तास आधी निघालो.

जानेवारीतली सकाळ होती. पाचूबंदरला होड्या लागल्या होत्या आणि टोपल्या उतरत होत्या. मी किनाऱ्याला हात लावला, कारण कुठून तरी सुरुवात केली असं स्वतःला वाटायला हवं. तिथून आतल्या रस्त्यानं गिरीजला आलो. इथे केळीच्या वाड्यांमधून चालताना रस्त्यावरही ओलसर गारवा असतो. एका वाडीच्या कुंपणाशी म्हातारे गृहस्थ केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं काढत होते. गळ्यात क्रूस, डोक्याला पंचा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर नळीवर थांबली.

"कुठल्या हॉस्पिटलला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, हॉस्पिटलला नाही, अर्नाळ्याला.

"चालत? असं नळी लावून? घरातले कुठायत तुमचे?"

मी नळीतून पाणी पिऊन दाखवलं. त्यांनी विळा खाली ठेवला, आत गेले आणि केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली सुकेळी घेऊन आले. उन्हात वाळवलेली ही राजेळी केळी दोन घास खाल्ली की तासभर भूक लागत नाही. माझ्या बॅगेत चांदीच्या कागदातल्या पौष्टिक वड्या होत्या, ज्यांची चव पुठ्ठ्याची होती. सुकेळी हातात ठेवून ते म्हणाले, "मुलग्याला सांगतो, स्कूटरवर सोडेल."

नको म्हणायला मला दहा मिनिटं लागली. अडचण काय आहे, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

आमच्या भागात चालणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी चालू देत नाही. भुईगावपर्यंत तीन मोटरसायकली थांबल्या, कळंबच्या आधी एक टेंपो आणि दोन रिक्षा. "काका, बसा, पैसे नकोत." "अंकल, उन्हाचं काय चालताय?" एका बाईंनी तर रिक्षात आधीच बसलेल्या नवऱ्याला सरकवलं आणि मला जागा करून दिली. नवरा बिचारा अर्धा बाहेर लोंबकळत हसत होता. मी चालण्यासाठीच चालतोय हे कुणाला पटत नव्हतं. मला घरचे विचारत नाहीत, किंवा डोक्याचं काही आहे, असा त्यांचा समज होई आणि आग्रह वाढे. काठी, गुडघ्याचे पट्टे आणि नळी यांमुळे तर शंकाच उरत नसे. मी ज्या थाटाला गिर्यारोहकाचा समजत होतो, तो वसईच्या रस्त्यावर पेशंटचा दिसत होता.

सुरूच्या बागांमधून मात्र मोटारी येत नाहीत. राजोडीपासून अर्नाळ्यापर्यंत मी वाळूवरून गेलो, ओहोटीच्या कडक वाळूवर. बूट उत्तम होते, हे प्रामाणिकपणे सांगतो. मोजे त्याहून उत्तम. बाकी सामानाचा मी निषेध करतो, पण त्या मोज्यांबद्दल मी साहेबांच्या भाषणात घालायचो तसली विशेषणं वापरायला तयार आहे.

अर्नाळ्याला बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते. तिथे एक आजी सावलीत बसून मासळी निवडत होत्या. मी टेकलो. त्यांनीही विचारलं, मीही सांगितलं: घर, मुलगा, लिफ्ट, अट, सगळं. अनोळखी माणसाला इतकं का सांगितलं, कोण जाणे. त्या मन लावून ऐकत होत्या आणि हात चालू होते.

"म्हंजे तू बसलास गाडीत की घर गेला तुझा," त्या म्हणाल्या.

"हो."

"आनि रस्त्यानं जो तो बस म्हनतोय."

"हो."

"मग येडा हायस तू. नवस हाय म्हनून सांग. नवसाच्या मानसाला कोन गाडीत बसवत नाय. पाप लागतं."

मी म्हणालो, माझा नवसावर विश्वास नाही.

"तुला कोन इचारतंय? त्यांचा हाय ना."

"कुठल्या देवाचा म्हणून विचारलं तर?"

"पुरा होईस्तो बोलायचा नसतो. येवढं पन ठाव नाय? शिकलेला ना तू?"

मी आभार मानून उठलो आणि खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. वर्तमानपत्रांत नवससायासांविरुद्ध पत्रं लिहिलेल्या माणसाला ते शोभलं नसतं.

हा ताठा दुसऱ्या दिवशी सकाळी विरारच्या रस्त्यावर संपला. आगाशी मागे टाकून मी निघालो होतो. एक धिप्पाड गृहस्थ स्कूटरवरून उतरले. मी नको म्हणत असताना त्यांनी "अहो, लाजता काय" म्हणत मागून माझी बॅग अलगद उतरवली आणि स्कूटरच्या पायदानावर ठेवली. बॅग माझ्या पाठीवर नव्हती. ती एका वाहनावर होती. माझं घर एका स्कूटरच्या पायदानावर बसलं होतं.

मी ती ओढून घेतली. जरा जोरातच. गृहस्थ दुखावले. मी रस्त्याच्या कडेला जाऊन बायकोला फोन लावला आणि घडलं ते सांगितलं. लपवता आलं असतं, पण मग फेरीला अर्थ काय?

पलीकडून प्रश्न आला. "स्कूटर चालू होती का?"

"इंजिन चालू होतं. चाकं नाही."

"किती वेळ?"

"मी ओढून घेईपर्यंत. पाच-सात सेकंद."

"चाकं फिरली नाहीत तर चालेल," तिनं निकाल दिला. "पण पुन्हा झालं तर बाद. आणि नाश्ता केलात का?"

पुढची रिक्षा थांबली तेव्हा मी म्हणालो, "नवस आहे."

परिणाम चकित करणारा होता. रिक्षावाल्यानं हात कपाळाला लावला आणि इंजिन बंद केलं. "सॉरी काका. माहीत नव्हतं." त्यानं पाण्याची बाटली दिली. कुणाचा नवस, हे विचारलं. "पूर्ण होईपर्यंत सांगायचा नसतो," मी म्हणालो. "बरोबर, बरोबर," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझ्या साहेबांकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं, मी इतकी भाषणं लिहूनसुद्धा.

तिथून फेरी बदलली. लोक गाड्या थांबवायचे, ऐकायचे आणि गाडी बाजूला लावून माझ्याबरोबर थोडं चालायचे. कुणी पुलापर्यंत, कुणी नाक्यापर्यंत. आपल्या गावातून नवसाचा माणूस एकटा जाऊ नये, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. विरारच्या पुढे एक शिक्षिका गाडी उभी करून शिरसाडच्या दिशेनं बराच वेळ बरोबर आल्या. त्यांनी मला त्यांच्या सासूबद्दल सांगितलं. मी त्यांना सासूच्या बाजूनं दोन गोष्टी सांगितल्या. निघताना म्हणाल्या, "तुमच्या नवसात माझंही एक घाला." काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

एक ट्रक ड्रायव्हर मात्र माझ्या पायाच पडला. मला फार अवघडल्यासारखं झालं. ज्या नमस्कारांची मी टिंगल करत आलो, ते आता मला होत होते, आणि खोट्या कारणासाठी. रात्री शिरसाडला जुन्या सहकाऱ्याच्या घरी अंथरुणावर पडल्यावर मी यावर विचार केला. मी कुठल्या देवाशी बोललो नव्हतो, हे खरं. पण एका गोष्टीसाठी शरीर पणाला लावलं होतं, अट घातली होती, आणि अट मोडली तर काय जाणार हेही ठरलेलं होतं. नवसात याहून वेगळं काय असतं? मला झोप लागली.

तिसरा दिवस हायवेचा. धूळ, कंटेनर, भोंगे. पेल्हारच्या पुढे माझी छाती आवळल्यासारखी झाली. दुखणं नव्हे, पण कुणीतरी मुठीत धरावं तशी. श्वास पुरेना. मी थांबलो. डॉक्टरांचं वाक्य आठवलं आणि मागोमाग आमचं स्वयंपाकघर आठवलं, ते मोजणारा माणूस आठवला. मग ठरवलं की स्वयंपाकघर गेलं तरी चालेल. बायको दाराशी माझी पावलं ऐकायला उभी राहते, ती माझ्याशिवाय तेविसाव्या मजल्यावर काय ऐकणार? गाडी बोलवायला मी फोन काढला.

समोर पंक्चर काढण्याची टपरी होती. तिथल्या दाढीवाल्या गृहस्थांनी काही न विचारता प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं आणि मला खांद्याला धरून बसवलं. मी तोंडानं श्वास घेत होतो. ते माझ्याकडे वाकून बघत होते. मग त्यांचा काळा, तेलकट हात माझ्या छातीकडे आला.

"चाचा, ये पट्टा इतना कसके किसने बांधा?"

त्यांनी बक्कल दाबलं. फट्‌ असा आवाज झाला आणि सगळा हायवे माझ्या छातीत शिरला. धूळ, धूर, हवा. सकाळी निघताना मी तो आडवा पट्टा दोन बोटं जास्त आवळला होता. दुकानातल्या मुलीच्या सांगण्यावरून.

तरी मी अर्धा तास बसलो. नाडी मोजली. ठीक होती. गृहस्थ एका टायरवर ठिगळ लावत होते. मधेच म्हणाले, "ट्यूब में हवा भी इतनी ही भरते हैं, जितनी चाहिए." मग चहा मागवला. चहा झाल्यावर त्यांनी बॅग माझ्या पाठीवर चढवून दिली, पट्टे स्वतः लावले आणि प्रत्येक पट्ट्याखाली बोट घालून बघितलं. तसली सगळी बक्कलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावीत. चिंचोटीपर्यंत बॅग पाठीवर अशी बसली, जशी दुकानातही बसली नव्हती.

हे बायकोला सांगावं की नाही, हा प्रश्न होता. सांगितलं. "उद्या हळू चाला," ती एवढंच म्हणाली.

चौथ्या दिवशी दुपारी जूचंद्र ओलांडून मी नायगावच्या मिठागरांशी आलो, तिथे पाणी पिऊन वळलो, तर रस्त्याच्या कडेला मुलाची गाडी उभी. तो बाहेर होता. ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्र. आईनं त्याला फोन केला असणार.

"बाबा, बस झालं," तो म्हणाला. "छातीचं कळलं मला. तुम्ही जिंकलात, मी मान्य करतो. आता बसा."

"जिंकलोय तर बसायचं कशाला?"

"कारण मी घाबरलोय म्हणून!" तो ओरडला. रस्त्यावर ओरडण्याचा त्याचा स्वभाव नाही.

मी काही बोलायच्या आत शेजारी मिठाच्या ढिगाशी उभ्या असलेल्या बाई पुढे आल्या. पन्नाशीच्या, डोक्याला फडकं, पाय पिंढरीपर्यंत पांढरे. थोड्या वेळापूर्वी त्यांनी मला पाणी दिलं होतं, तेव्हा नवसाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती.

"ओ, तुमी कोन?" त्यांनी मुलाला विचारलं.

"मी मुलगा आहे त्यांचा."

"मुलगा हाय आनि बापाचा नवस मोडतो? शेवटच्या दिसाला?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं. "नवस? बाबा, तुम्ही? नवस?"

"पुरा होईपर्यंत बोलायचं नसतं," मी म्हणालो.

"काळजी वाटते तर संगती चाल ना," बाई म्हणाल्या. "पाय दिलेत ना देवानं? का गाडीतच ठेवलेत?"

तिथल्या दोन-तीन बाया मोठ्यानं हसल्या. मुलानं क्षणभर गाडीकडे पाहिलं. मग गाडीला कुलूप लावलं, ओळखपत्र खिशात टाकलं आणि माझ्या शेजारी आला.

नायगाव ते उमेळे आणि उमेळे ते वसई हा रस्ता त्यानं जन्मात पायी पाहिला नव्हता. वसईत वाढला, पण शाळेची रिक्षा, क्लासची रिक्षा आणि नंतर स्टेशन, एवढीच त्याची वसई. चकचकीत बुटांनी पहिल्या अर्ध्या तासात त्याची टाच सोलली. मी बॅगेतून चिकटपट्टी काढून दिली. उमेळ्याला आम्ही एका पारावर टेकलो. तो माझ्या चालण्याकडे, श्वासाकडे, बॅगेकडे बघत होता. त्याला विचारायचं होतं ते तो विचारत नव्हता, आणि मी विचारण्यापूर्वी उत्तर देत नव्हतो. शेवटच्या मैलात तो मागे पडू लागला. मी वेग कमी केला. मला तो आनंद पुरेसा होता. खरं सांगायचं तर पुरेशाहून जास्त होता, आणि मी तो तोंडावर येऊ दिला नाही.

बॅग त्यानं एकदाही मागितली नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो.

घराशी पोचलो. जिना चढताना मी थांबलो नाही. दुसऱ्या मजल्यावर मागून मुलाचा आवाज आला, "एक मिनिट, बाबा," आणि तो पायरीवर बसून बूट काढू लागला. वर दार उघडं होतं. बायको दारातच उभी होती. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्यामागच्या रिकाम्या जिन्याकडे.

"तो कुठाय?"

"येतोय. पाय दुखतायत त्याचे."

"बॅग द्या इकडे."

"उंबरा ओलांडू दे," मी म्हणालो, आणि ओलांडला.

रात्री जेवताना घराचा विषय कुणी काढला नाही. मुलगा दोन्ही पाय गरम पाण्याच्या घमेल्यात बुडवून जेवत होता, जे त्याच्या आईला अजिबात पसंत नव्हतं. तिसरी पोळी घेताना तो म्हणाला, "जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. भिंतीच्या बाजूनंही एक पाइप बसवून घेऊ. आणि दुसऱ्या मजल्यावर एक लाकडी बाक ठेवू, कुणालाही टेकायला. मी सोसायटीशी बोलतो."

"बाक कशाला?" मी विचारलं. "मला लागत नाही."

"तुम्हाला नाही, बाबा," तो म्हणाला. "मला."

बायकोनं त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली.